खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी जुन्या कोरड्या दगडाची सिद्धता

कोकणच्या किनाऱ्यावरील काही कुटुंबांनी खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे वाढविण्याचा जोडधंदा अलीकडील काळात हाती घेतला आहे. तामिळनाडूतील मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाऊन माशांच्या काही जाती टाकीत पैदा करण्याचे तंत्र बसविले. पुढे नवी मुंबईत ऐरोली येथेही अशा माशांच्या प्रजननाचा प्रकल्प उभारण्यात आला. समुद्रातून शोभिवंत मासे पकडून आणण्यापेक्षा ते टाकीत वाढविणे केव्हाही इष्ट, आणि घरच्या माणसांना, विशेषतः स्त्रियांना, हे काम घरापाशीच करता येते. तथापि या धंद्यात नव्याने पडणाऱ्यांचे पहिले नुकसान पुष्कळदा माशांच्या रोगाने होत नाही. ते टाकीत ठेवलेल्या दगडामुळे होते.

असे घडते ते येणेप्रमाणे. मोडीत काढलेल्या एखाद्या टाकीतील दगड स्वस्तात मिळतात. वर्ष-दोन वर्षे ते कोठे तरी पडवीत पडून असतात. वरून पांढरे, कोरडे व निर्जीव दिसतात. घेणारा ते नळाखाली धुतो, चार दिवस उन्हात टाकतो आणि टाकीत रचून मासे सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ होते, त्यास घाण वास येऊ लागतो, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, आणि आठवडा पुरा होण्यापूर्वी काही मरतात. जे जगतात त्यांच्या टाकीत महिन्याभरात हिरव्या शेवाळाचे रान माजते. दोष मात्र दिला जातो माशांच्या बीजाला, पाण्याला, नाही तर नशिबाला. क्लाऊन माशांची एक पैदाशीची जोडी जमण्यास कित्येक महिने लागतात. ती जोडी गेली म्हणजे केवळ दोन माशांची किंमत गेली असे नव्हे, तर पुढील हंगामही गेला. यास्तव दगड टाकीत जाण्यापूर्वी त्याचे काय करावयाचे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेऊन टाकीधारकांस समजावून देणे अगत्याचे आहे.

दगड टाकीत कशासाठी

टाकीतील दगड ही शोभेची वस्तू आहे असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया निर्माण होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असल्याने या अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा सामान्यतः अधिक असतो. दगडाच्या असंख्य छिद्रांत वस्ती करणारे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. शेतकऱ्यास ही क्रिया अपरिचित नाही. अमोनियम सल्फेट जमिनीत दिल्यावर जिवाणूंच्या योगाने त्याचे नायट्रेट होते व पिकास लाभते, तीच ही क्रिया होय. शेतात जे काम माती करते ते टाकीत सच्छिद्र दगड करतो. म्हणून दगडाची छिद्रे मोकळी असणे व त्यांत योग्य जिवाणू असणे ह्या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. जुन्या कोरड्या दगडात नेमकी ह्याच्या उलट स्थिती असते. त्याची छिद्रे मेलेल्या जीवांनी भरलेली असतात, आणि उपयुक्त जिवाणू बहुतांशी सुकून गेलेले असतात.

येथे एक गोष्ट प्रथमच सांगावयास हवी. दगड लागतो तो पैदाशीच्या जोडीच्या टाकीत, प्रदर्शनाच्या टाकीत किंवा गाळणीच्या कप्प्यात. लहान पिलांच्या टाकीत तो मुळीच ठेवू नये. तेथे तळ उघडा व साफ करण्यास सोपा असावा लागतो. अंडी घालण्यासाठीही जोडीला एखादी कौलाची खापरी किंवा लहान मातीचे भांडे पुरते.

दगडाची पारख

दगड कोणता घ्यावा याबाबत कायद्याची मर्यादा आधी ध्यानात ठेवावी. समुद्रात दगड घडविणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये समाविष्ट करण्यात आले. त्यामुळे प्रवाळ जिवंत असो की त्याचा वाळलेला सांगाडा असो, तो गोळा करता येत नाही व विकताही येत नाही. मालवणच्या परिसरात तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जिवाणू व जीवजंतूंसह समुद्रातून उचललेला, बाजारात ‘जिवंत दगड’ म्हणून ओळखला जाणारा दगड आणण्याचा मोह कोणीही धरू नये. जुन्या टाकीतील दगडावर प्रवाळाची नक्षी स्पष्ट दिसत असेल आणि तो कोठून आला याचा कागद विकणाऱ्याजवळ नसेल, तर स्वस्त मिळाला तरी तो घेऊ नये. शंका असल्यास वनविभागाकडे विचारणा करावी.

उरतो तो चुनखडीचा दगड. मुंबईतील जुन्या इमारतींच्या कोरीव कामात वापरलेला सौराष्ट्रातील पोरबंदरी दगड याच जातीचा आहे. सिमेंट व शिंपल्यांचा चुरा मिसळून ओतलेले कृत्रिम दगडही जुन्या टाक्यांतून मिळतात. दगड चुनखडीचा आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. फेस आला तर चुना आहे असे समजावे. आपला काळा पाषाण फेसाळत नाही. तो अपायकारक नसला तरी घट्ट असल्याने त्यात जिवाणूंना फारशी जागा मिळत नाही. जांभा मात्र टाळावा. त्यात लोह पुष्कळ असते व तो पाण्यात झिजत राहतो. तांबूस किंवा हिरवट धातूच्या शिरा असलेला कोणताही दगड नाकारावा.

दगड पाहिल्यानंतर त्याचा पूर्वेतिहास विचारावा. ही चौकशी सर्वांत महत्त्वाची असून तीच बहुधा केली जात नाही. आधीच्या टाकीत माशांच्या बाह्य परोपजीवींवर तांब्याचे औषध वापरले होते काय? हे औषध म्हणजे पुष्कळदा मोरचूदच असते. बोर्डो मिश्रणात मोरचूद व चुना एकत्र आले म्हणजे तांबे चुन्याशी बांधले जाते हे सुपारीवर फवारणी करणाऱ्या प्रत्येक बागायतदारास ठाऊक आहे. टाकीतही तसेच होते. पाण्यात सोडलेले तांबे चुनखडीच्या पृष्ठभागावर बसते आणि पुढे परिस्थिती बदलली की हळूहळू सुटू लागते. माशांना जे प्रमाण सोसते तेच कोळंबी, शंख व समुद्रफूल यांना मारक ठरते. क्लाऊन मासा ज्या समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो ते तर फारच नाजूक असते. तांबे पडलेला दगड कोणत्याही धुण्याने निश्चितपणे निर्दोष होत नाही. सबब विकणारा याबाबत टाळाटाळ करू लागल्यास दगड त्याच्यापाशीच राहू द्यावा.

दगड उकळू नये, भाजू नये

जुन्या दगडातील घाण मारण्यासाठी तो मोठ्या पातेल्यात उकळावा किंवा भट्टीत भाजावा, अशी सूचना पुष्कळ जण करतात. ही सूचना घातक आहे. कार्यकर्त्यांनी दुसरे काही सांगितले नाही तरी एवढे अवश्य सांगावे.

खाऱ्या पाण्यातील खडकांवर गुंडीच्या आकाराच्या जीवांची दाट वसाहत वाढते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी अशा वसाहती दिसतात. शोभेच्या टाक्यांत त्या हौसेने वाढविल्या जातात. त्यांच्यापैकी काही जातींच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांवरील अशाच एका जातीपासून १९७१ मध्ये ते प्रथम वेगळे करण्यात आले. टाकी मोडल्यावर ह्या वसाहती दगडावर सुकून चामड्यासारखी तपकिरी साल होऊन राहतात, आणि पाहणाऱ्यास ती वाळलेले शेवाळ वाटते. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर उडालेल्या तुषारांतून ते श्वासावाटे शरीरात जाते. खोकला, छातीत घट्टपणा, ताप, थंडी, हातपाय दुखणे व अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. २०१८ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात स्टीव्हन्टन या गावी घरातील मत्स्यटाकी साफ करताना हे विष पसरले. घरातील माणसांना तर रुग्णालयात न्यावे लागलेच, मदतीस आलेल्या अग्निशामकांवरही उपचार करावे लागले.

म्हणून उकळणे, भाजणे, वाफ देणे आणि जोरदार फवाऱ्याने दगड धुणे ही चारही कामे वर्ज्य समजावीत. आणखी एक कारण आहेच. दगडाच्या आतील बंद पोकळीत पाणी असल्यास तापविल्यावर तो फुटून तुकडे उडतात. कोरडा दगड घासणे किंवा फोडणे हेही तितकेच वाईट, कारण तो भुकटा नाकातोंडात जातो. दगड हाताळताना रबरी हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा, नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधावा, हातावर जखम असल्यास काम दुसऱ्याने करावे. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. मुलांना व गुराढोरांना तेथे फिरकू देऊ नये. काम झाल्यावर वरील लक्षणे दिसल्यास रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना मत्स्यटाकीच्या दगडाचा उल्लेख मुद्दाम करावा. त्यांना तो आपणहून सुचेल असे नाही.

धुलाई व विरंजन

दगड प्रथम साध्या पाण्यात दोन दिवस पूर्ण बुडवून ठेवावा. सुकलेली साल मऊ होते व भुकटा उडत नाही. नंतर पाण्याखालीच कडक ब्रशने ती खरवडावी. मोठ्या पोकळ्यांतील घाण लाकडी काडीने काढावी आणि दगड बादलीत हिंदकळून पाणी ओतून टाकावे. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच वेळा, हे करावे. या टप्प्यास जेवढे कष्ट घ्यावे तेवढे पुढील औषध कमी लागते. खरवडून निघणारा मळ क्लोरिनने जाळण्यात काही शहाणपण नाही.

त्यानंतर विरंजन. यासाठी वासाची भर नसलेले साधे द्रव सोडियम हायपोक्लोराइट सर्वांत सोयीचे. बाजारात मिळणारे ४ ते ५ टक्के शक्तीचे द्रव १ भाग व पाणी १० भाग असे मिश्रण करून त्यात दगड दोन ते तीन दिवस बुडवावा. ते न मिळाल्यास विहिरीत टाकण्याची टी.सी.एल. पावडर चालते. ताजी पावडर असल्यास १० लिटर पाण्यास १५० ग्रॅम घेऊन ढवळावी, चोथा तळाशी बसू द्यावा आणि केवळ वरची निवळी वापरावी. चोथ्यासकट दगड बुडविल्यास छिद्रे चुन्याने बुजतात. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीत क्लोरिन फारसे उरत नाही हे ग्रामपंचायतीचे पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्यांना सांगावयास नकोच. मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात करावे. धातूचे भांडे वापरू नये.

क्लोरिनच्या पाण्यात फिनेल, साबण किंवा कोणतेही आम्ल चुकूनही मिसळू नये. आम्ल मिसळताच विषारी क्लोरिन वायू बाहेर पडतो. ज्या दिवशी विरंजन चालू आहे त्या दिवशी ॲसिडची बाटली त्या अंगणात आणूच नये, हा नियम उत्तम.

मुदत संपल्यावर दगड बाहेर काढून तीन वेळा धुवावा. मग १०० लिटर साध्या पाण्यात १० ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून त्यात एक दिवस ठेवावा. १ ग्रॅम क्लोरिन नाहीसे करण्यास सुमारे ७ ग्रॅम हायपो लागते. तेव्हा हे प्रमाण केवळ धुतल्यानंतर दगडात राहिलेल्या क्लोरिनापुरतेच आहे, पिंपभर तीव्र द्रावणासाठी नव्हे. यानंतर दगड ताज्या पाण्यात घालून दुसऱ्या दिवशी त्या पाण्याची ओ.टी. चाचणी घ्यावी. गावच्या नळाच्या पाण्यासाठी जी बाटली वापरली जाते तीच येथे उपयोगी पडते. मात्र उद्देश उलटा आहे. नळाच्या पाण्यास पिवळा रंग यावयास हवा, येथे तो मुळीच येता कामा नये. रंग आल्यास हायपोचे पाणी पुन्हा द्यावे. शेवटी दगड आठवडाभर कडक उन्हात वाळवावा.

वापरलेले क्लोरिनचे पाणी ओढ्यात, खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. उघड्या पिंपात काही दिवस उन्हात ठेवल्यास क्लोरिन उडून जाते. ओ.टी. चाचणीत रंग येईनासा झाला म्हणजे ते झाडे व पाणवठा यांपासून दूर शोषखड्ड्यात सोडावे.

आम्लाचा उपयोग

दगडाच्या वरच्या थरात घाण फारच मुरली असेल तर तो थर आम्लाने विरघळवून टाकण्याची पद्धत आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल १ भाग व पाणी १० भाग असे द्रावण करून त्यात दगड अर्धा तासपर्यंत ठेवतात. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. जोराचा फेस येतो, कर्बाम्ल वायू निघतो आणि दगडाचा पृष्ठभाग झडून आत स्वच्छ पांढरा भाग दिसू लागतो. फेस थांबल्यावर दगड धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवतात व पुन्हा धुतात.

परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा असतो खरा, परंतु घरगुती टाकीधारकाने ह्या मार्गाने जाऊ नये असेच सुचवावेसे वाटते. फरशी धुण्याच्या पिवळसर ॲसिडमध्ये लोहासारखे धातू असतात. दगडाचे वजन घटते व बारीक छिद्रे झिजून मोठी होतात. डोळे व फुप्फुसे यांना धोका आहेच. आणि एवढे करूनही आम्लाचा परिणाम केवळ वरच्या थरावर होतो, आतले तसेच राहते. विरंजन केलेला दगड ओ.टी. चाचणीत निर्दोष ठरून वाळल्याशिवाय तर आम्लाचा विचारही करू नये. ज्यास दोन महिने थांबता येते त्यास आम्लाची गरज नाही.

मुरलेले स्फुरद

येथवर जे केले ते दिसणाऱ्या व कुजणाऱ्या घाणीसाठी. न दिसणारी एक गोष्ट दगडात अद्याप शिल्लक आहे. ती म्हणजे स्फुरद.

चुनखडीयुक्त जमिनीत सुपरफॉस्फेट टाकले तरी त्यातील पुष्कळसे स्फुरद चुन्याशी बांधले जाते व पिकास सहज मिळत नाही. शेतकऱ्यास तोट्याची वाटणारी हीच गोष्ट जुन्या टाकीत वर्षानुवर्षे घडत असते. माशांच्या खाद्यात स्फुरद असते. ते पाण्यात उतरते आणि चुनखडीचा दगड ते आपल्या पृष्ठभागावर व छिद्रांत धरून ठेवतो. टाकीतील पाणी तपासल्यास स्फुरद थोडे दिसते आणि मालकास वाटते की सर्व ठीक आहे. परंतु दगडाचे हे धरून ठेवणे एकतर्फी नाही. पाण्यात स्फुरद जास्त असेल तर दगड ते घेतो, पाण्यात कमी असेल तर तो ते परत देतो. असा भरलेला दगड नव्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत गेला की देण्यास सुरुवात करतो. मग शेवाळ माजते. मालक दिवा कमी करतो, खाद्य कमी करतो, मासे बारीक होतात आणि शेवाळ मात्र हटत नाही, कारण त्याचे खत दगडातून येत असते.

यावर उपाय दगडाच्या ह्या देण्याच्या स्वभावातच आहे. दगड टाकीबाहेर निराळ्या पिंपात ठेवून त्यास आपले स्फुरद तेथेच देऊ द्यावे. पिंपात दगड पूर्ण बुडेल इतके खारे पाणी घ्यावे, लहान पंपाने ते सतत फिरते ठेवावे आणि पिंप झाकावे. अंधारात शेवाळ वाढत नाही. आठवड्यातून एकदा पाण्यातील फॉस्फेट चाचणीसंचाने मोजून वहीत लिहावे व पाणी पूर्ण बदलावे. समजा, पहिल्या आठवड्याअखेर लिटरला १ मिलिग्रॅम फॉस्फेट आढळले. पाणी बदलताच मोजणी शून्याजवळ येईल, पण तेवढ्यावर समाधान मानणे ही चूक होय. दुसऱ्या आठवड्याअखेर ती पुन्हा वर चढलेली दिसेल, कदाचित ०.६ पर्यंत. पाणी बदलल्यानंतरची मोजणी दगडाविषयी काहीच सांगत नाही. आठवडाभर पाण्यात राहिल्यानंतरची मोजणी सांगते. ही चढण दर आठवड्यास लहान होत जाते. केवळ मासे ठेवावयाचे असतील तर ती ०.१ मिलिग्रॅमच्या खाली स्थिरावली म्हणजे दगड पुरेसा धुतला गेला असे मानण्यास हरकत नाही. यास काही दगडांना तीन आठवडे लागतात, काहींना तीन महिने. दोन निरनिराळ्या टाक्यांतील दगड एकाच पिंपात टाकू नयेत. एक वाईट दगड सर्वांचा वेळ घेतो.

पाण्याविषयी दोन शब्द. मिठागरातील मीठ पुन्हा पाण्यात विरघळविले म्हणजे समुद्राचे पाणी होते अशी समजूत आहे, ती चुकीची होय. मिठागरात मीठ जमते तेव्हा समुद्राच्या पाण्यातील मॅग्नेशियम वगैरे क्षार बहुतांशी मागे उरलेल्या कडू पाण्यातच राहून जातात. खाण्याच्या मिठात तर आयोडीन व ढेकूळ न होण्याची द्रव्ये मिसळलेली असतात. म्हणून एक तर मत्स्यटाकीसाठी बनविलेले समुद्रक्षाराचे मिश्रण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात घ्यावे, किंवा खाडीच्या मुखापासून दूर, स्वच्छ किनाऱ्यावरून भरतीचे पाणी आणून गाळून वापरावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावे. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी गोडे व गढूळ होते, त्या काळात ते घेऊ नये. पिंपातील पाणी आटल्यास त्यात गोडे पाणी घालावे, खारे नव्हे. आटते ते पाणी, मीठ मागेच राहते.

दगडास जिवंतपणा आणणे

स्फुरद उतरले म्हणजे दगड स्वच्छ झाला, पण तो अद्याप माशांचा भार घेण्यास समर्थ नाही. त्यात जिवाणूंची वस्ती व्हावयास हवी. नुसते थांबून हे होत नाही, कारण जिवाणूंना अमोनियारूपी अन्न लागते. मासे सोडून त्यांच्या विष्ठेवर जिवाणू वाढविण्याची जुनी रीत आहे. तीत पहिले मासे बळी जातात, यास्तव ती सोडून द्यावी.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईचा नवसागर अशुद्ध असतो, तो नको. प्रयोगशाळेच्या प्रतीचे अमोनियम क्लोराइड आणावे. १०० लिटर पाण्यात पाऊण ग्रॅम घातल्यास लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र मिळते. यापेक्षा अधिक घातल्याने काम लवकर होत नाही, उलट जिवाणू मंदावतात. एखाद्या निरोगी, चालू टाकीतील गाळणीच्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर वाळू विरजण म्हणून पिंपात टाकावी. ज्या टाकीत रोग झाला होता किंवा तांब्याचे औषध पडले होते तेथून विरजण आणू नये. पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असावे, व पंप रात्रंदिवस चालावा. वीज जाणाऱ्या गावी बॅटरीवरील हवेचा पंप जवळ ठेवावा. ह्या जिवाणूंना प्राणवायू लागतो.

प्रथम अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढते. मग बरेच दिवस नायट्राइट वरच राहते. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. कारण अमोनिया शून्य दिसतो आणि पाणी काचेसारखे असते. परंतु नायट्रेट करणारे जिवाणू मंद गतीने वाढतात, त्यांना त्यांचा वेळ द्यावाच लागतो. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत, क्वचित अधिक काळाने, नायट्राइटही उतरते. अखेरची कसोटी अशी. पाऊण ग्रॅम अमोनियम क्लोराइड पुन्हा घालावे आणि २४ तासांनी तपासावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट वाढलेले, असे आढळल्यास दगड सिद्ध झाला. दोहोंपैकी एक जरी शिल्लक असेल तर आणखी एक आठवडा थांबून कसोटी पुन्हा घ्यावी. या काळात दगडावर तपकिरी साय दिसू लागल्यास घाबरू नये. ती सिलिकायुक्त सूक्ष्म शेवाळाची असून आपोआप जाते.

चाचणीसंच महाग असतात व उघडल्यावर त्यांची मुदत लवकर संपते. प्रत्येक घराने निराळा संच घेण्यापेक्षा गटाने एक घ्यावा, तो एकाच्या ताब्यात सावलीत ठेवावा आणि मोजणीचा दिवस ठरवून सर्वांनी आपापल्या पाण्याचे नमुने त्या दिवशी आणावेत. एकाच हाताने, एकाच उजेडात रंग पाहिले म्हणजे मोजण्या परस्परांशी ताडून पाहता येतात. भेटीस आलेल्या कार्यकर्त्याने मासे पाहण्याआधी ही वही पाहावी.

टाकीत मांडणी

सिद्ध दगड पिंपातून टाकीत नेताना वाळू देऊ नये. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी हलवावा. दगड तळावर आधी बसवावा आणि वाळू नंतर पसरावी. वाळूवर ठेवलेला दगड मासे उकरू लागले की कलतो. काचेला टेकवून रचू नये. मागे पाणी फिरेल एवढी, निदान चार बोटे जागा सोडावी. रचलेला ढीग हाताने हलवून पाहावा, हलला तर पुन्हा रचावा.

पहिली जोडी सोडल्यानंतर पंधरा दिवस खाद्य नेहमीच्या निम्मे द्यावे व अमोनिया एक दिवसाआड तपासावा. नवे मासे आणावयाचे असतील तर त्यांना याच टाकीत न घालता निदान तीन आठवडे दगडाविना वेगळ्या टाकीत ठेवावे. तेथे औषध द्यावे लागले तरी दगडास तांबे लागत नाही. उरलेले सिद्ध दगड गटातील दुसऱ्या घरासाठी राखून ठेवावयाचे असल्यास त्याच झाकलेल्या पिंपात, पंप चालू ठेवून, आठवड्यास चिमूटभर अमोनियम क्लोराइड देऊन ठेवता येतात. ते कोरडे पडू दिले तर जिवाणूंचे सर्व काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल.